हरकत आहे कोणाची?

घंटा झाली, उठा. पहाटेचे चार वाजलेत. साल १९४१, नोव्हेंबर सरत आलाय, आणि वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या या काळ्या मातीच्या गावात थंडी चांगलीच बोचते आहे. गावाचं नाव परवापरवापर्यंत शेगाव होतं. इथलं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, तेव्हा १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम केलं.

घोंगडी गुंडाळून ठेवा, चूळ भरा आणि कंदिलांच्या मागोमाग चला. वाटेत डोक्यावर कवेलूंची छपरं, भिंती मातीच्या आणि बांबूच्या तट्ट्यांच्या. एका ओसरीवर लाकडी पिंजरा दिसेल, त्यात बोट घालू नका. तो सापांसाठी आहे. इथे साप मारत नाहीत. पकडून आणतात, गांधींच्या आश्रमातल्या लोकांना ओळख पटावी म्हणून दाखवतात आणि लांब नेऊन सोडतात.

तुम्ही मंदिर शोधताय. नाहीये. मशीद, चर्च, सभागृह, काहीच नाही. मुरमाची बारीक खडी पसरलेलं एक मोकळं पटांगण आहे आणि कडेला बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ. पाच वर्षांचं झाड, अजून त्याची सावलीही धड पडत नाही. मूर्ती नाही, समई नाही, वेदी नाही. जिथे जागा मिळेल तिथे बसा. जात विचारणारं कोणी नाही; शेजारी कोण बसलंय हे अंधारात तुम्हालाही कळणार नाही.

तेवढ्यात ढमढम ऐकू येते. पिवळ्या वस्त्रांतला एक जपानी भिक्षू चालत येतोय. एका हातात मुठीला लावलेलं चपटं, कातडं ताणलेलं वाद्य, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडानं सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र, एका लयीत, पुन्हा पुन्हा. हा फूजी गुरुजींच्या परंपरेतला. निचिदात्सु फूजी १९३३ साली वर्ध्याला गांधींना भेटून गेले आणि पाठोपाठ त्यांची माणसं येऊ लागली. या भिक्षूचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत नाही. तो आपला रोज वाजवत येतो, बसतो आणि थांबतो. मग प्रार्थना सुरू होते: थोडी शांतता, ईशावास्याचा पहिला मंत्र, पहाटेचे श्लोक, विनोबांनी गुंफलेली एकादश व्रतं.

ती शांतता मात्र अंगावर येते. दोनच मिनिटं, पण तुमच्या काळातून आलेल्या माणसाला ती लांबलचक वाटते. हात खिशाकडे जातो. खिशात काही नाही. कोणीतरी खोकतं, दूर गोठ्यात गाय हंबरते, पायाखालची खडी टोचायला लागते. डोळे मिटून ध्यानस्थ झाल्यासारखे दिसणारे सगळेच ध्यानस्थ नसतात, हेही लवकरच ध्यानात येतं. पुढच्या ओळीतल्या एका पोराची मान चक्क खाली गेलीय.

उजाडल्यावर जरा फिरून या. बापूंच्या कुटीजवळच एक छोटी झोपडी आहे, तिच्यात परचुरे शास्त्री राहतात. संस्कृतचे गाढे पंडित, महारोगी म्हणून जगानं दूर लोटलेले. १९३९ मध्ये ते इथे आले, तेव्हा ठेवून घ्यावं की नाही यावर बापूंचंही मन आधी अडखळलं होतं. आश्रमात इतर माणसं होती, मुलं होती. मग ठेवून घेतलं, आणि त्यांच्या अंगाला तेल लावण्याचं काम स्वतःकडे घेतलं. सर्वधर्म वगैरे शब्द उच्चारण्याआधी ही झोपडी पाहून घ्या. शाळेच्या गॅदरिंगमध्ये चार पोरं चार वेषांत उभी करून हात धरायला लावतात, तसलं दृश्य डोक्यात घेऊन तुम्ही आला असाल तर ते इथेच उतरवून ठेवलेलं बरं.

दुपारी पंगतीत उकडलेला भोपळा पानात पडेल. कुरकुर करू नका, आश्रमातले जुने लोक तुमच्यापेक्षा जास्त करतात.

आता थोडं पुढे सरका. डिसेंबरात जपान युद्धात उतरतो आणि एका रात्रीत तो भिक्षू सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचा माणूस होतो. पोलीस येतात. तो आपलं वाद्य बापूंकडे ठेवून जातो, आणि बापू ठरवून टाकतात की त्याचा मंत्र यापुढे आश्रमाच्या प्रार्थनेत राहील. माणूस नेला, मंत्र राहिला. तोही प्रार्थनेच्या अगदी सुरुवातीला.

ऑक्टोबर १९४४ ची संध्याकाळ. पिंपळ वाढलाय. माणसं कमी झालीत: बापूंचे सचिव महादेवभाई आणि पत्नी कस्तुरबा, दोघंही पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून परत आले नाहीत. खडी तीच, ती तितकीच टोचते. आज नीट कान देऊन ऐका, कारण प्रार्थना आता लांबलीय. भिक्षूचा मंत्र. शांतता. मग गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक. मग अरबी, कुराणातला फातिहा. हा रेहानाबहेन तैयबजींमुळे आला. अब्बास तैयबजींची ही मुलगी कृष्णाची भजनं तल्लीन होऊन गायची आणि आश्रमातल्यांना कुराणाच्या आयतींचे उच्चारही शिकवायची. मग अवेस्ताची भाषा. ती मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांची देणगी. १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये बापूंचा एकवीस दिवसांचा उपवास झाला, तेव्हा सरकारनं स्वतःही कैदेत असलेल्या गिल्डरांना त्यांच्या देखरेखीला आणलं. त्यांनी म्हटलेली जरथुष्ट्री प्रार्थना बापूंनी ठेवून घेतली. मग भजन, कधी ख्रिस्ती गीतही असतं, नरसिंहराव दिवेटियांनी गुजरातीत आणलेलं ‘प्रेमळ ज्योति’. शेवटी टाळ्यांवर रामधून.

कुठल्या समितीनं बसून, प्रत्येक धर्माचा एकेक उतारा निवडून ही प्रार्थना बांधलेली नाही. माणसं येत गेली, राहिली, काही तुरुंगात गेली, आणि जाताना काहीतरी ठेवून गेली. म्हणून यातला एखादा तुकडा वगळा म्हणणं म्हणजे त्या माणसाला पटांगणातून उठवणं. हे तुमच्या लक्षात आलं, तर पुढच्या मुक्कामाला बापू एवढे अडून का बसतात ते कळेल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे बोलायला हवी. या प्रार्थनेत सगळ्या धर्मांचे वाटे सारखे नाहीत. सांगाडा हिंदूच आहे: उपनिषद, गीता, राम. बापू कितीही सांगोत की माझा राम म्हणजे दशरथाचा मुलगा नव्हे. ऐकणाऱ्याच्या कानाला तो तोच राम लागतो. १९४६-४७ च्या हिवाळ्यात दंगलग्रस्त नौखालीत बापूंच्या सभांमध्ये रामधून सुरू होताच काही मुसलमान उठून जात. पुढे त्याच भागात एका सभेत बापूंच्या चुलत नातीनं, मनूनं, ईश्वर आणि अल्ला ही दोन्ही नावं एका ओळीत घेतली. पोरबंदरच्या एका देवळात लहानपणी ऐकलेली ओळ तिला आठवली होती. बापूंना ती इतकी आवडली की ती कायमची झाली. उठून जाणाऱ्यांपैकी किती जण त्या एका ओळीनं परत येऊन बसले असतील, याबद्दल मला शंका आहे.

आता शेवटचा मुक्काम. दिल्ली, एप्रिल १९४७, रीडिंग रोडवरची भंगी वस्ती, वाल्मीकी मंदिराचं आवार. पंजाबातून रोज बातम्या येताहेत, एकीपेक्षा एक वाईट. सेवाग्रामच्या अंधारात शेजारी कोण हे दिसत नव्हतं. इथे उजेड आहे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे निरखून पाहतोय. मनूच्या तोंडून अरबी सुरू होते आणि गर्दीतून एक तरुण उठतो: मंदिरात हे चालणार नाही.

लोक त्याला खाली बसवायला धावतात. बापू त्यांनाच थांबवतात. त्याला हात लावायचा नाही, त्याचा हक्क आहे. पण कुराण गाळून बाकीची प्रार्थना करायलाही ते तयार नाहीत. करायची तर अख्खी, नाहीतर नाहीच. ते प्रार्थना थांबवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात: हरकत आहे कोणाची? आहे. पुन्हा नाही. हजारोंच्या जमावापुढे एकदोघांचा नकार जिंकतो, आणि जमाव चरफडत घरी जातो. तुम्हीही चरफडताय. एवढ्या लांबून आलात ते काय हे बघायला?

मग एका संध्याकाळी कोणी उठत नाही. भिक्षूच्या मंत्रापासून रामधुनीपर्यंत सगळं पार पडतं. पण बाहेर टांग्यांच्या रांगेपाशी या, खरी मजा तिथे आहे. एक गृहस्थ तावातावानं सांगतायत की म्हाताऱ्यानं हट्टानं जिंकलं. दुसऱ्याचं म्हणणं, मशिदीत जाऊन गीता म्हणून दाखवा मग बोलू. तिसरा फाळणीवर घसरलाय. कोणीतरी तुम्हाला विचारतं, “आप कहाँ से?” वर्धा म्हणताच सगळे तुमच्याकडे वळतात: मग सांगा ना, तिकडे आश्रमात तरी सगळे हे मनापासून म्हणतात का? तुम्ही त्या डुलक्या घेणाऱ्या पोराबद्दल सांगायला तोंड उघडता, तोवर मागून एक म्हातारा मुसलमान टांगेवाला लगाम सोडून पुढे येतो. त्याचा प्रश्न वेगळाच आहे: बाकी सगळं ठीक, पण त्या पोरीचे अरबी उच्चार कोणी दुरुस्त करणार आहे की नाही?