मॅक भारी की विंडोज? या भांडणाचं मूळ १९८० च्या एका करारात आहे

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?" आणि पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपचे दोन तुकडे पडतात. एक जण म्हणतो, डोळे झाकून मॅकबुक घे, पाच वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत विंडोजचा गेमिंग लॅपटॉप येईल आणि वर फोनही येईल. तिसरा कुणी लिनक्सचं नाव काढतो, त्याला कुणीच उत्तर देत नाही.

हे भांडण नवं नाही. १९९४ साली उंबेर्तो इको या इटलीच्या लेखकाने आपल्या सदरात मॅक आणि डॉस वापरणाऱ्यांची तुलना चक्क कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पंथांशी केली होती. मॅक भक्ताचा हात धरून पायरी-पायरीने मोक्षापर्यंत नेतो, तर डॉसमध्ये ज्याचा त्याने अर्थ लावायचा, अवघड निर्णय ज्याचे त्याने घ्यायचे, असा त्याचा सूर. लिहिलं गमतीत होतं, पण नेम बरोबर लागला होता.

दोन्ही बाजूंचे मुद्दे नीट पाहिले, तर त्यातले बहुतेक एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. एक कंपनी मशीन आणि त्यातली सिस्टीम दोन्ही स्वतः बनवते. दुसरी सिस्टीम बनवते आणि ती कुणालाही विकते. मॅकचे गुण आणि मॅकचे दोष दोन्ही पहिल्या निर्णयातून आले, विंडोजचे दुसऱ्या. आणि हा दुसरा निर्णय काही फार विचार करून ठरलेला नव्हता. तो घाईतून जन्माला आला.

आयबीएमची घाई

१९८० मध्ये आयबीएम ही कॉम्प्युटरच्या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी होती, पण घरी आणि छोट्या ऑफिसात ठेवायच्या कॉम्प्युटरचा बाजार ॲपलसारख्या नवख्या कंपन्या खात होत्या. ॲपल टू १९७७ पासून विकला जात होता. आयबीएमला साधारण वर्षभरात स्वतःचं मशीन बाजारात हवं होतं. सगळं स्वतः बनवत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे सुटे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, ८०८८. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ते मायक्रोसॉफ्टकडे गेले.

गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. त्यांनी सिॲटलमधल्याच एका छोट्या कंपनीने बनवलेली सिस्टीम आधी लायसन्सवर घेतली आणि मग सगळे हक्क विकत घेतले. एकूण खर्च सुमारे ७५ हजार डॉलर. तीच डागडुजी करून आयबीएमला दिली. पण करारात एक गोष्ट मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवली : हीच सिस्टीम दुसऱ्या कंपन्यांनाही विकायचा हक्क.

त्या वेळी आयबीएमला यात धोका वाटला नाही. आयबीएम पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला बाजारात आला, तेव्हा दुसरं कुणी तसंच मशीन बनवू शकत नव्हतं. कारण सगळे भाग बाजारात मिळत असले तरी 'बायॉस' नावाचा, मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम आयबीएमच्या मालकीचा होता.

तो अडसर कॉम्पॅक या नव्या कंपनीने काढला. त्यांनी इंजिनिअरांच्या दोन टीम केल्या. पहिल्या टीमने आयबीएमचा प्रोग्रॅम वाचून तो काय काय करतो याची फक्त यादी केली. दुसऱ्या टीमने मूळ प्रोग्रॅम कधीही न पाहता त्या यादीवरून नवा प्रोग्रॅम लिहिला. कॉपी न करता जशीच्या तशी वागणारी वस्तू तयार, कोर्टातही काही म्हणता येईना. कॉम्पॅकने १९८३ या पहिल्या वर्षात ५३ हजार मशिन्स विकली. मग इतरांनीही ही युक्ती वापरली आणि 'क्लोन' मशिन्सचा पूर आला. त्या प्रत्येकाला सिस्टीम लागत होती आणि ती मायक्रोसॉफ्टकडे होती.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या दुकानातून घेऊन 'असेंबल्ड' कॉम्प्युटर बनवता येतो, तो याच घटनेमुळे. आपल्याकडच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला कॉम्प्युटर ब्रँडेड नव्हता, असेंबल्ड होता. असेंबल्ड मॅक मात्र कुणाच्या घरी येऊ शकला नाही.

ॲपलने दार का लावलं?

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ ला आला. किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ केबी. आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण स्क्रीनवर खिडक्या, चित्रं, माऊस होता. या कल्पनांची झलक ॲपलच्या लोकांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पाहिली होती. डॉसमध्ये तेव्हा काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप कराव्या लागत.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मॅकला सुरुवातीच्या काळात मोठा आधार मायक्रोसॉफ्टचाच होता. एक्सेल १९८५ मध्ये पहिल्यांदा आलं ते मॅकवर. विंडोजवर यायला त्याला १९८७ उजाडलं. पॉवरपॉइंटही मूळ मॅकचंच, पुढे मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. फोटोशॉपची १९९० ची पहिली आवृत्तीही फक्त मॅकसाठी होती. डिझायनर मंडळी मॅकला चिकटली, त्याची सुरुवात इथे आहे.

जून १९८५ मध्ये बिल गेट्स यांनी ॲपलच्या प्रमुखांना सविस्तर पत्र लिहून सुचवलं, की मॅकची सिस्टीम इतर कंपन्यांना लायसन्सवर द्या, म्हणजे ती सगळीकडे चालणारी पद्धत बनेल. ॲपलने ऐकलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज आली. ती सुरुवातीला यथातथाच होती, पण १९९० च्या विंडोज ३.० ने आणि २४ ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ ने चित्र पालटलं. ॲपलने १९८८ मध्येच 'आमचं रूप चोरलं' म्हणून खटला भरला होता. तो हरली, कारण ज्या गोष्टींवर दावा केला होता त्यातल्या बहुतेक वापरायची परवानगी ॲपलनेच १९८५ च्या एका करारात देऊन ठेवली होती. या सगळ्या कथेत करार नीट न वाचल्याची किंमत फार जणांनी मोजली आहे.

नव्वदच्या दशकात ॲपलने उशिरा का होईना, क्लोन बनवायची परवानगी दिली. क्लोनवाल्यांनी नवे ग्राहक आणण्याऐवजी ॲपलचेच ग्राहक पळवले. १९९७ मध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी तो प्रकार बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या कार्यक्रमात त्यांनी जाहीर केलं, की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे आणि मॅकसाठी ऑफिस बनवत राहणार आहे. मागच्या मोठ्या पडद्यावर गेट्स दिसले, तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उडाली. ज्या पैशाने आणि सॉफ्टवेअरने कंपनी तगणार होती, त्यालाच भक्तांची हुर्यो!

त्या निर्णयाचे आजचे परिणाम

जुनी सॉफ्टवेअर चालवण्यात विंडोजचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्यावर लाखो कंपन्यांचा धंदा उभा आहे, त्यामुळे मायक्रोसॉफ्टला जुनं मोडून चालत नाही. विंडोज ९५ बनवताना सिमसिटी हा गेम नव्या सिस्टीमवर बंद पडत होता. चूक गेमची होती, तरीही तो ओळखून त्याच्यापुरतं वेगळं वागायची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये केली, हा किस्सा प्रोग्रॅमर लोकांत प्रसिद्ध आहे. ॲपल याच्या बरोबर उलट. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत त्यांनी ३२-बिट सॉफ्टवेअर एका झटक्यात बंद केली. ज्यांचं काम त्यावर चालत होतं, त्यांनी सिस्टीम अपडेट न करणं पसंत केलं.

पण जुन्याची पर्वा नसल्यामुळेच ॲपलला मोठ्या उड्या मारता येतात. मॅकने आजवर तीन वेळा प्रोसेसरची अख्खी जातच बदलली : मोटोरोलावरून पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल आणि २०२० मध्ये स्वतःची एम वन चिप. मशीन, चिप आणि सिस्टीम एकाच छताखाली असल्याने एम वनचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो आणि बॅटरी दिवसभर पुरते. विंडोजच्या बाजूला असं करायचं तर मायक्रोसॉफ्ट, चिप कंपनी आणि लॅपटॉप कंपनी या तिघांना एकत्र बसावं लागतं.

या एकछत्री कारभाराची किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जी घेतली, तीच शेवटपर्यंत. अनेक पातळ विंडोज लॅपटॉपचंही आता तेच झालंय, पण निदान तिथे रॅम बदलता येणारी मॉडेल्स शोधली तर मिळतात.

सुरक्षेचं काय? 'मॅकला व्हायरस लागत नाही' ही अफवा आहे. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने सुमारे ६ लाख मॅक धरले होते. पण दार उघडं ठेवण्याचा धोका काय असतो, हे १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळी पडली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती फाइल विंडोजसाठीच होती, म्हणून मॅक वाचले, हे खरं. पण विंडोजमध्ये बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर सिस्टीमच्या अगदी गाभ्यात बसू शकतं, म्हणून नुकसान एवढं झालं. ॲपलने २०१९-२० पासून ही वाट बंद करत आणली आहे.

किमतीच्या वादात एक आकडा नेहमी फेकला जातो. ज्या आयबीएमने पीसी जन्माला घातला, तिनेच २०१६ मध्ये सांगितलं, की कर्मचाऱ्यांना मॅक दिल्याने चार वर्षांत प्रत्येक मशीनमागे २७३ ते ५४३ डॉलर वाचतात, कारण मदतीसाठी येणारे फोन कमी होतात. मॅकवाले हा आकडा छातीठोकपणे सांगतात. फक्त तो जाहीर झाला मॅक सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या परिषदेत, आणि त्यात वाचणारा पैसा अमेरिकन पगारावरच्या आयटी कर्मचाऱ्यांच्या वेळेचा आहे. घरातला लॅपटॉप भाचा फुकटात नीट करून देत असेल, तर हे गणित लागू होत नाही.

आपल्याकडचं गणित

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी कोर्सने कॉम्प्युटर गावागावांत नेला. त्यातलं 'एमएस' म्हणजे मायक्रोसॉफ्ट असं अनेकांना आजही वाटतं. ते 'महाराष्ट्र स्टेट' आहे. पण गैरसमज अगदीच बिनबुडाचा नाही, कारण शिकवलं जायचं ते विंडोज आणि ऑफिस. दुकानदाराचा हिशेब टॅलीत, आणि टॅली थेट इन्स्टॉल करायचं तर विंडोजच लागते. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स किंवा सॉलिडवर्क्स शिकणाऱ्या आर्किटेक्चर-इंजिनिअरिंगच्या मुलांचंही तसंच. उलट आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल किंवा फायनल कटवर एडिटिंग करायचं असेल, तर मॅकला पर्याय नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर इथे सामना बरोबरीत आहे. युनिकोड येण्याआधी मराठी टायपिंगची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजसाठी होती आणि फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसायची. आता तो प्रश्न उरलेला नाही. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट घडवला र. कृ. जोशी यांनी. मॅकमध्ये येणारा 'श्री देवनागरी ७१४' हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, म्हणजे श्रीलिपीवाल्यांचा.

आणि तो तिसरा?

लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केली. ती कुणा एका कंपनीची नाही आणि फुकट आहे. जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर तिच्यावर चालतात, अँड्रॉइड फोनचा गाभाही तीच. केरळच्या सरकारी शाळा तिच्यावर शिकवतात. घरच्या लॅपटॉपवर मात्र ती फारशी दिसत नाही. कारण अडलं तर विचारायला कॉलनीतला लॅपटॉपवाला तिच्याबद्दल हात वर करतो.

पण सध्या तिच्याकडे वळायला कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापराच्या मशिन्सना फक्त सुरक्षेची अपडेट्स आणखी वर्षभर मिळायची सोय आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कित्येक मशिन्स बाद ठरली. जुन्याला धरून ठेवणारी कंपनी म्हणून जिची ख्याती, तिने हे केलं. ॲपलनेही २०२५ ची टाहो हीच इंटेलवर चालणाऱ्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल, असं जाहीर करून टाकलंय.

त्यामुळे सेकंड हँड बाजारात सध्या स्वस्तात लॅपटॉप भरपूर दिसतील. घेताना स्टिकरवर जाऊ नका, मशीन सुरू करायला लावा. विंडोजचा असेल तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, नाहीतर एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढची दिसली पाहिजे. मॅक असेल तर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे एम वन किंवा त्यापुढचं नाव हवं. इंटेल लिहिलेलं दिसलं, तर विकणारा सांगतोय त्या किमतीवर पुन्हा एकदा बोलणी करा.