सरपणाची गोल करवत : धार, निगा आणि दक्षता

घरोघरी गॅस पोहोचला, तरी शहरांतील जळाऊ लाकडाच्या वखारी सर्वस्वी बंद पडलेल्या नाहीत. स्मशानभूमी, लग्नकार्यांतील भटारखाने, हॉटेलांच्या भट्ट्या यांना आजही लाकूड लागते. पावाच्या बेकऱ्या हे मुंबईतील वखारींचे जुने गिऱ्हाईक. मात्र त्यांनी लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. वखारीत आलेल्या ओंडक्याचे हातभर लांबीचे तुकडे पाडण्याचे काम बहुधा गोल करवतीकडे असते. मोटरच्या पट्ट्यावर फिरणारे पोलादी पाते आणि त्यापुढे ओंडका ठेवण्याचे लोखंडी टेबल, एवढेच हे यंत्र. ते साधे दिसते आणि म्हणूनच त्याच्या निगेकडे दुर्लक्ष होते.

या साधेपणामागील वेग लक्षात घेण्याजोगा आहे. ६०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याचा प्रत्येक दाता सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजेच ताशी जवळपास १७० किलोमीटर वेगाने धावत असतो. धार कमी झाली म्हणजे धोकाही कमी झाला, असे सहज वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धारदार पाते लाकूड स्वतःहून कापत जाते. कारागिराने ओंडका फक्त सावरून धरायचा असतो. पाते बोथट झाले की ओंडका रेटावा लागतो, अंगाचा भार हातांवर येतो आणि शेवटची चिवट शीर अकस्मात तुटताच तोच हात पात्याकडे झेपावतो.

धार गेल्याच्या खुणा पाते काढण्यापूर्वीच दिसू लागतात. चांगली धार असताना भुसा रवाळ पडतो, बोथट पात्याखाली तो पिठासारखा बारीक होतो. कापाच्या तोंडावर करपल्याचे काळे डाग उमटतात, धूर येतो, मोटरचा आवाज दबतो. काप सरळ न जाता एका बाजूला ओढला जात असेल, तर एका अंगाचे दाते दुसऱ्या अंगाच्या दात्यांपेक्षा बोथट किंवा कमी फाकलेले आहेत, असे समजावे. बाभळीसारखे कठीण लाकूड धार लवकर घालवते. पण त्याहून मोठा शत्रू म्हणजे सालीत अडकलेली माती व वाळू, आणि जुन्या इमारती लाकडात विसरलेला खिळा. ओंडके कापण्यापूर्वी झाडून घेण्याचा कंटाळा पुढे कानशीला भोवतो.

धार लावण्याची रीत

प्रथम वीज तोडावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. फ्यूज काढावा आणि पट्टाही उतरवावा. दात्यांत अडकलेला डिंक व चीक रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि ब्रशने काढून टाकावा. डिंकाच्या थराखाली दात्याची खरी अवस्था दिसत नाही आणि त्या थराने पाते लाकडाला घासून तापते.

त्यानंतरची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. ती म्हणजे सर्व दाते एका उंचीवर आणणे. वारंवार कानस फिरवल्याने काही दाते उंच, काही ठेंगणे होतात. मग सगळे काम उंच दातेच करतात आणि पाते धडधडू लागते. यासाठी पाते हाताने सावकाश उलट्या दिशेने फिरवत दात्यांच्या टोकांना सपाट सहाण स्थिर, हलकेच टेकवावी. उंच दात्यांच्या टोकांवर चकाकणारा ठिपका उमटतो. सर्वांत ठेंगण्या दात्यालाही असा ठिपका येईपर्यंत हे चालू ठेवावे. यंत्र सुरू ठेवून हे काम करणारे कारागीरही आहेत. ते अनुकरणीय नाही.

दाते समान झाले की ते फाकवायचे. एक दाता किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे, असा आळीपाळीने दिलेला बाक म्हणजे करवतीचा 'सेट'. यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पाते लाकडात आवळले जात नाही. बाक दात्याच्या वरच्या एक तृतीयांश भागालाच द्यावा. मुळापासून वाकवलेला दाता तुटतो. सुक्या, कठीण लाकडाला कमी सेट पुरतो, ओल्या व मऊ लाकडाला जास्त लागतो, कारण ओले तंतू कापानंतर फुगून पात्याला चिकटतात. सेट दोन्ही अंगांना समान हवा. तो डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता मापाच्या पट्टीने तपासणे उत्तम.

कानशीची पाळी आता येते. पाते दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळावे आणि आरंभाच्या दात्यावर खडूची खूण करावी. आडव्या कापाच्या करवतीत दात्याची धार तिरपी असते, तीही आळीपाळीने. म्हणून एकाआड एक दाते एका बाजूने घासून घ्यावेत आणि मग पाते उलटून उरलेले. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना ती उचलावी. प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत आणि टोकावरील चकाकता ठिपका जेमतेम नाहीसा होताच थांबावे. त्यापुढे घासणे म्हणजे पोलाद वाया घालवणे. मूळचा कोन बदलू नये. लांबीच्या दिशेने फळ्या पाडणाऱ्या पात्याचे दाते पुढे झुकलेले असतात. तोच आकार सरपणाच्या पात्याला दिला, तर ते ओंडका ओढून घेते.

वेळ वाचवण्यासाठी ग्राइंडर वापरणे गैर नाही. मात्र चाक क्षणभरच टेकवावे. दाता निळसर झाला म्हणजे त्याचे पाणी उतरले; मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. कार्बाइडची टोके बसवलेल्या पात्यांवर साधी कानस चालतच नाही, त्यांना हिऱ्याच्या कणांचे चाक लागते. ती पाते धार लावणाऱ्या कारखान्यातच न्यावीत.

भेगा, बेअरिंग आणि आडोसा

दोन दात्यांमधील खाच तळाशी गोल असली पाहिजे. कानशीने तेथे टोकदार कोपरा पडला, तर ताण त्या बिंदूवर एकवटतो आणि तेथूनच भेग सुरू होते. संशय आल्यास ती जागा रॉकेलने पुसून कोरडी करावी व खडू फासावा. भेगेत शिरलेले रॉकेल काही वेळाने खडूवर रेघ उमटवते. भेग गेलेल्या पात्याला वेल्डिंग करून पुन्हा चढवण्याची काटकसर कोणी करू नये.

पाते बसवताना दोन्ही बाजूंच्या चकत्या व धुरा स्वच्छ पुसावा. तेथे अडकलेला भुशाचा कणही परिघावर पाते डगमगवतो. बेअरिंग हाताने हलवून खेळ तपासावा, पट्टा ढिला असू नये. सैल कपडे, ओढणी, गळ्यातील उपरणे यांना या यंत्राजवळ स्थान नाही. हातमोजेही नकोत, ते दात्यात अडकून हात आत ओढतात. बटण बंद केल्यावर जड पाते बराच वेळ फिरत राहते. भुसा साफ करण्यास हात घालण्यापूर्वी ते पूर्ण थांबलेले पाहावे.

१९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा आवश्यक ठरवला होता. कामगारांची संख्या कमी असल्याने लहान वखारी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहत. पात्याला अर्थातच ही संख्या कळत नाही. कापाच्या जागेखेरीज पात्याचा सर्व भाग झाकणारे पत्र्याचे आवरण स्थानिक लोहारही बनवून देऊ शकतो. धार लावताना काढलेले हे आवरण पुन्हा चढवूनच यंत्र सुरू करावे. बाद झालेले पाते भंगारात देण्यापूर्वी त्याचे दोन तुकडे करावेत, म्हणजे ते दुसऱ्या एखाद्या वखारीच्या धुऱ्यावर चढणार नाही.