रबरी बुश, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या निलंबन यंत्रणेतील सांध्यांत बसविलेले रबराचे जाड नळकांडे. चाक खड्ड्यातून वा उंचवट्यावरून जाताना त्याला सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजा व स्प्रिंगा आपापल्या सांध्याभोवती वर-खाली हलतात. ही हालचाल होऊ देणे, चाकाची दिशा मात्र ढळू न देणे आणि रस्त्यावरील कंपने सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे ही कार्ये बुश करतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांनी घोडागाडीतील पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा जशाच्या तशा स्वीकारल्या. पाट्याच्या टोकाच्या वेढ्यात ब्राँझचा बुश व त्यात पोलादी खीळ असे. धातूवर धातू घासत असल्याने सांध्याला वारंवार ग्रीज द्यावे लागे. ते चुकल्यास धूळ व पाणी आत शिरून दोन्ही भाग झिजत आणि गाडी खडखडू लागे. गाडीखाली शिरून हे सांधे वंगविणे हा मालकाच्या वा चालकाच्या नित्यक्रमाचा भाग होता.

चार्ल्स गुडइअर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणामुळे उष्णतेने न चिकटणारे व थंडीने न तडकणारे रबर उपलब्ध झाले होते. पण सांध्यासाठी त्याचा पद्धतशीर उपयोग विसाव्या शतकातच झाला. १९२०–३० या दशकात लेआँ तीरी यांनी दोन धातुनळ्यांमध्ये रबर दाबून बसविलेला सांधा तयार केला. तो ‘सिलेंटब्लॉक’ या नावाने प्रसिद्ध झाला. यात कोणताही पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही. बाहेरील नळी एका भागात व आतील नळी दुसऱ्यात घट्ट राहते आणि सर्व हालचाल रबराला पडणाऱ्या पिळातून होते. त्यामुळे वंगणाची गरजच उरत नाही. एंजिन रबरी आधारांवर बसविण्याची पद्धतही याच सुमारास रूढ झाली. अमेरिकेत १९३१ च्या प्लिमथ गाडीने आणि १९३२ मध्ये फ्रान्समध्ये सित्रोएंने तिचा पुरस्कार केला.

संक्रमणकाळाचे चांगले उदाहरण म्हणजे ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली ब्रिटिश मॉरिस मायनर (१९४८–७१). तिच्या पुढील निलंबनात खालच्या भुजेच्या आतील टोकाशी रबरी बुशांची जोडी आहे, तर बाहेरील टोकाशी धातूचा आटेदार सांधा आहे. या दुसऱ्या सांध्याला नियमित ग्रीज लागते व ते न दिल्यास तो निखळून चाक कोलमडू शकते. अशा प्रकारे एकाच भुजेवर दोन कालखंड नांदतात.

झीज : ग्रीजचे काम संपले, तसे सांध्याकडे नियमित पाहण्याचे निमित्तही संपले. धातूचा सांधा आवाजाने आपली झीज कळवीत असे. रबराची झीज मात्र बराच काळ ध्यानात येत नाही. तेल, ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर मऊ पडते, कडक होते वा त्याला भेगा जातात. गाडी उभी असली तरी ही क्रिया थांबत नाही. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाणे, सुकाणू सैल वाटणे व टायर असमान झिजणे ही उशिरा दिसणारी लक्षणे होत.

घरी बदलणे : जुन्या गाड्यांचे अनेक हौशी मालक हे काम स्वतः करतात. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम टेकूंवर घ्यावी लागते. स्प्रिंगेत किंवा मायनरप्रमाणे पिळाच्या दांडीत साठलेला ताण आधी सुरक्षितपणे काढून घेणे अत्यावश्यक असते; अन्यथा भुजा एकदम सुटून गंभीर इजा होऊ शकते. दाबून बसविलेला जुना बुश लांब बोल्ट, नट व योग्य मापाच्या नळ्या वापरून ओढून काढता येतो आणि नवाही तसाच बसविता येतो. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते. म्हणून बसविताना साबणाचे पाणी वापरतात. बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचा भार चाकांवर असावा लागतो. चाक लोंबकळत असताना तो आवळल्यास गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो व नवा बुश अल्पावधीत फाटतो.

पर्यायी द्रव्ये व जतन : ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनाचे बुशही पुढे प्रचारात आले. ते तेलाला दाद देत नाहीत व अधिक टिकतात. परंतु बरेचसे कडक असल्याने कंपने जास्त पोहोचवितात. त्यांपैकी पुष्कळ बुशांत आतील नळी फिरती असल्याने वंगण पुन्हा आवश्यक ठरते.

भारतात मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसॅडर गाडी उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते. सांगाडा, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यासाठी अट आहे. बुश मात्र स्वभावतःच नाशवंत असल्याने अशा गाडीतही तो मूळचा राहू शकत नाही. म्हणून जतनाच्या दृष्टीने मूळ बुशाइतकेच तो योग्य रीतीने बदलण्याचे ज्ञान टिकणे महत्त्वाचे ठरते.