शिवार राखणीसाठी दुर्बीण घ्यायचीय? परदेशातून मागवावी की जवळच्या दुकानातून, ऑर्डर देण्याआधी हे वाचा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात उसाच्या कडेने जाताना आधी लांबून नजर टाकायची सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. बिबट्याची भीती आहेच. त्यात मका, भुईमूग, हरभऱ्यात रानडुकरं शिरतात. त्यामुळे बरेच शेतकरी दुर्बीण घ्यायचा विचार करतात. मोबाईलवर शोधलं की परदेशी ‘हंटिंग’ दुर्बिणींच्या जाहिराती पुढे येतात. किंमत कमी दिसते आणि हात ऑर्डरच्या बटणाकडे जातो. पण दिसते ती किंमत आणि घरी पडते ती किंमत यात बराच फरक असतो.

‘हंटिंग’ दुर्बीण म्हणजे काय?

जर्मनी, ऑस्ट्रिया, अमेरिका या देशांत परवाना घेऊन शिकार करता येते. तिथले शिकारी पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. म्हणून कमी उजेडात जास्त दिसेल अशा दुर्बिणी तिथे बनतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. फासे लावणं, विष घालणं, एवढंच काय तसा नुसता प्रयत्न करणंही त्यात येतं. साधी दुर्बीण बाळगायला मात्र कुठलाही परवाना लागत नाही. शेतकऱ्यालाही पहायचं असतं ते तिन्हीसांजेलाच, म्हणून ही दुर्बीण राखणीच्या कामाची आहे.

दुर्बिणीवरचे आकडे कसे वाचायचे?

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्याला मिळणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी कळते.

- १०×२५ : २.५ मिमी. दिवसा ठीक, अंधार पडायला लागला की निरुपयोगी.
- १०×४२ : ४.२ मिमी. बऱ्यापैकी.
- ८×४२ : ५.२५ मिमी. राखणीसाठी सगळ्यात सोयीची.
- ८×५६ : ७ मिमी. तिन्हीसांजेला उत्तम, पण जड.

अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते. वय वाढेल तशी ती कमी उघडते, पन्नाशीनंतर साधारण ५ मिमी. त्यामुळे वयस्क माणसाने ८×५६ चं ओझं गळ्यात घेऊन फारसा फायदा होत नाही.

दहा पटीच्या वर गेलं की हाताच्या थरथरीने चित्र हलतं, स्टँडशिवाय काही समजत नाही. म्हणूनच ‘६०×६०’, ‘१००×१८०’ असे आकडे छापलेल्या स्वस्त दुर्बिणी बघितल्या की सावध व्हावं. ते आकडे गिऱ्हाईक ओढायला छापलेले असतात. लाल चमकणाऱ्या भिंगाचंही तसंच, त्याने रात्रीचं दिसत नाही. साधी दुर्बीण असलेला उजेड गोळा करते, मिट्ट काळोखात ती काही दाखवत नाही. रात्रीच्या लाईटच्या पाळीला मोटार चालू करायला जाताना चांगली बॅटरी आणि सोबतीला माणूस हेच खरं.

परदेशातून मागवल्यावर खर्च कसा वाढतो?

कस्टम ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. त्यावर पुन्हा आयजीएसटी. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून त्या वेळचा दर बघूनच हिशेब करावा.

समजा दुर्बीण १२,००० रुपयांची आणि वाहतूक व विमा ३,००० रुपये. हिशेब धरला जातो १५,००० वर. सगळे कर मिळून समजा ४० टक्के झाले, तर ६,००० रुपये. म्हणजे घरी पडली २१,००० ला. कुरिअरवाल्याचा कस्टम सोडवण्याचा आकार वेगळा. हीच दुर्बीण इथल्या दुकानात १८,००० ला मिळत असेल तर स्वस्त काय ते उघड आहे.

‘गिफ्ट लिहून पाठवा, ड्युटी लागत नाही’ हा सल्ला जुना झाला. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. पार्सलवर किंमत कमी लिहिली तर कस्टमवाले माल अडवू शकतात. शिवाय कुरिअर कंपनी ओळखीची कागदपत्रं मागते, ती दिल्याशिवाय पार्सल सुटत नाही.

नातेवाईक परदेशातून येणार असतील तर त्यांच्या सामानात ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तू ड्युटीशिवाय आणता येतात. हा मार्ग सरळ आहे, फक्त बिल सोबत ठेवायला सांगावं.

बिघडली तर काय?

खरा प्रश्न इथे आहे. दुर्बीण हातातून पडली, आतली जोडणी हलली की एकाच्या जागी दोन चित्रं दिसतात. हे काम गावात होत नाही. काही परदेशी कंपन्या आयुष्यभराची हमी देतात, पण वस्तू त्यांच्याकडे पाठवायचा खर्च आपला आणि परत येताना कस्टमची झंझट पुन्हा. बऱ्याच कंपन्यांची हमी तर ज्या देशात विकली तिथेच चालते. ऑर्डर देण्याआधी ‘भारतात दुरुस्ती कोण करणार?’ एवढं लेखी विचारावं. उत्तर आलं नाही तर पैसे अडकवू नयेत.

इथल्या दुकानातून पक्कं बिल घेऊन घेतली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पाठीशी असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करता येतो. त्याने काम झालं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. भारतातल्या ऑनलाईन दुकानालाही हेच लागू आहे. परदेशातल्या विक्रेत्याकडून वसुली करणं मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसून अवघड. पैसे गेले ते गेले.

दुकानातही फसगत होते

जवळचं दुकान म्हणजे लगेच भरवशाचं असं नाही. जत्रेत, बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणून नकली माल खपतो. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असायला हवी. ती नसेल तर वस्तू ठेवून द्यावी. तालुक्याला चांगली दुर्बीण मिळत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेऱ्याच्या मोठ्या दुकानात चौकशी करावी.

दुकानात शक्यतो दिवस मावळायच्या सुमारास जावं आणि हे तपासावं :

१. बाहेर येऊन लांबचा फलक वाचावा. चित्र एकच दिसलं पाहिजे. दोन मिनिटांत डोकं जड झालं तर जोडणी बिघडलेली आहे.
२. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. डोळ्याच्या भिंगातला उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा कापलेल्या किंवा करड्या असतील तर आतली काच हलकी.
३. भिंगावर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळट दिसावं. पांढरं शुभ्र दिसलं तर लेप नाही.
४. चष्मा असेल तर तो लावूनच बघावं.
५. ‘वॉटरप्रूफ’ आणि आत नायट्रोजन भरलेली असेल तीच घ्यावी. नाहीतर पावसाळ्यात आतून वाफ धरते, भिंगाला बुरशी लागते. घरी सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावी.

बंदुकीवर बसणाऱ्या दुर्बिणीचं काय?

रायफल स्कोप, नाईट व्हिजन, थर्मल यांना साध्या दुर्बिणीसारखं समजू नये. अशी पार्सलं कस्टममध्ये अडकू शकतात. मागवण्याआधी कस्टम आणि पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं, जमल्यास लेखी. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. वापरलेलं हत्यार आणि गाडी सरकारजमा होते, ते वेगळंच.

थोडक्यात

राखणीसाठी ८×४२ ची वॉटरप्रूफ दुर्बीण पुरेशी आहे आणि ती भारतातल्या दुकानातून, बघून, पक्क्या बिलावर घेणं परवडतं. इथे मिळतच नाही असं मॉडेल हवं असेल आणि दुरुस्तीची सोय पक्की असेल, तरच परदेशातून मागवावी. आणि दुर्बिणीतून बिबट्या दिसलाच तर जवळ जाऊ नये, त्याच्या मागे लागू नये. लांबूनच माघारी फिरून वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवावं. जनावर आपल्याला लांबून दिसावं म्हणूनच तर दुर्बीण घ्यायची.