खोटं विमान, खरा घाम

शनिवारी रात्री मी पुन्हा एकदा शिकागोच्या मेग्स फील्डवरून विमान उडवलं. अर्थात कॉम्प्युटरवर. खरं मेग्स फील्ड आता जगात नाही. ३० मार्च २००३ च्या रात्री तिथले महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या आणि विषय संपवला. पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर वर्षानुवर्षं याच धावपट्टीवर सुरू व्हायचा, म्हणून माझ्यासारखे लोक जुनी आवृत्ती जपून ठेवतात. उड्डाण केलं, डावीकडे वळताना तोल गेला, विमान थेट मिशिगन तळ्यात. रीसेट मारलं. परत धावपट्टीवर.

घरच्यांच्या मते हा निव्वळ गेम आहे. मी म्हणतो, थांबा, याला इतिहास आहे. आणि तो इतिहास चक्क वाद्यांच्या कारखान्यात सुरू होतो.

न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथे एड लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. एडला विमानाचं वेड, पण शिकवणीचे पैसे भयंकर. मग १९२७ ते २९ च्या दरम्यान या पठ्ठ्याने कारखान्याच्या तळघरात एक खोटं विमान बनवलं. ऑर्गनचे भाते (आपल्या पेटीला असतो तसाच प्रकार, फक्त मोठा) आणि हवेचे पंप लावून ते डबडं पुढेमागे कलायचं, वळायचं. १९३१ मध्ये पेटंटही मिळालं. पण विमानवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सुरुवातीची गिऱ्हाईकं कोण, तर जत्रेतल्या खेळांसारखे मनोरंजन पार्क! म्हणजे घरचे म्हणतात तेच, गेम.

मग १९३४ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटं रद्द करून ते काम सैन्याकडे दिलं. सैन्याच्या वैमानिकांना दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत उडायची सवय. इथे मात्र ऐन थंडीत, रात्री, ढगांतून जायचं. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही आणि आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बेधडक खोटं बोलते. विमान हळूहळू कलत असतं आणि माणसाला वाटतं, आपण सरळ चाललोय. अशा वेळी अंगाचं न ऐकता समोरच्या काट्यांचं ऐकायचं असतं, आणि ते सरावाशिवाय जमत नाही. थोड्याच महिन्यांत डझनभर माणसं गेली. त्यानंतर सैन्याने प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला लिंकची सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून जास्त यंत्रं तयार झाली आणि लाखो वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून ढगात उडायला शिकले.

मला यातली गंमत ही वाटते की त्या डब्यातून बाहेरचं काही दिसायचंच नाही. वरून झाकण बंद. ग्राफिक्स शून्य! आणि आपण आज ढग किती खरे दिसतात यावरून सिम्युलेटरला मार्क देतो.

पुढे याच लिंकच्या नावाच्या कंपनीने अपोलोच्या अंतराळवीरांसाठी सिम्युलेटर बनवले. आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

जुलै १९६९ ची सुरुवात. ह्यूस्टनमध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव चाललाय. सिम्युलेटरच्या मागे डिक कूस नावाचा माणूस आहे. त्याचं कामच मुळी समोरच्यांचा दिवस खराब करणं. त्याने उतरता उतरता यानाच्या कॉम्प्युटरचा '१२०१' हा अलार्म वाजवला. कॉम्प्युटरची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सवर. त्याला अर्थ कळेना, त्याने मोहीम रद्द करायला सांगितलं. सराव संपल्यावर कूसने सुनावलं, रद्द करायची काहीच गरज नव्हती. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ वैतागले आणि हुकूम सुटला की प्रत्येक अलार्मचा अभ्यास करा. २४ वर्षांच्या जॅक गारमनने हाताने यादी लिहून काढली. कुठला अलार्म आला तर थांबायचं, कुठल्याला पुढे जायचं.

२० जुलैला खरंखुरं उतरताना, चंद्रापासून सुमारे ३३,००० फुटांवर '१२०२' वाजला. त्याच जातकुळीतला अलार्म. रडारच्या विजेच्या जोडणीतल्या घोळामुळे कॉम्प्युटरकडे फालतू सिग्नलांचा पूर आला होता आणि सगळी कामं वेळेत उरकेनात. पण त्यातलं सॉफ्टवेअर असं लिहिलेलं होतं की ओझं वाढलं की स्वतःला रीस्टार्ट करायचं, बिनमहत्त्वाची कामं टाकून द्यायची, महत्त्वाची चालू ठेवायची. (जेमतेम २,०४८ शब्दांच्या रॅममध्ये! आपला ब्राउझर यावरून काही शिकेल तर बरं.) गारमनने यादी पाहिली, बेल्सला सांगितलं, बेल्सने क्रांझना सांगितलं, पुढे जा. अलार्म आणखी काही वेळा वाजला. यान उतरलं.

नीट बघा, तो रडारचा घोळ सरावात नव्हताच. सराव झाला होता चुकण्याचा, आणि चुकल्यावर यादी करण्याचा.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. २०११ मध्ये जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश मुलगा प्लेस्टेशनवरच्या ग्रान टुरिस्मोची स्पर्धा जिंकून खरा रेसिंग ड्रायव्हर झाला. २०१३ मध्ये तो ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. गेम खेळणाऱ्या आम्हा तमाम लोकांची कॉलर ताठ. पण मार्च २०१५ मध्ये जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगवर एका चढावर त्याच्या गाडीचं नाक वर उचललं गेलं, हवा खालून शिरली आणि गाडी उडून कुंपणापलीकडे गेली. एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्या जागेचं नाव फ्लुगप्लाट्झ, म्हणजे विमानतळ. तीच जागा मी गेममध्ये कितीदा तरी उलटापालटा होऊन पार केली आहे, हसत हसत. ती बातमी वाचल्यावर काही दिवस तो ट्रॅक लोडच केला नाही. सिम्युलेटर हात शिकवतो, डोळे शिकवतो. पण कुंपणापलीकडे उभा असलेला माणूस त्यात नसतो. तो आपण स्वतः लक्षात ठेवायचा.

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच आहे. पूर्वी एका ठिकाणी कामाला असताना आमचा मुख्य डेटाबेस गेला. बॅकअप रोज रात्री नियमाने होत होता. तो परत चढवून मात्र कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदाच पाहिलं, आणि अर्ध्या फाइली रिकाम्या निघाल्या. दोन दिवसांच्या नोंदी लोकांनी हाताने परत भरल्या. त्यांचा काहीही दोष नसताना. आमच्याकडे हुशार माणसं होती, चांगली यंत्रं होती. डिक कूस नव्हता.

तेव्हापासून मी जिथे असेन तिथे तीन महिन्यांतून एकदा, आधी न सांगता, टेस्ट सर्व्हर बंद पाडतो आणि टीमला म्हणतो, आणा परत. पोरं शिव्या घालतात. घालू देत. त्यातून निघालेली यादी आता दोन पानांची झाली आहे आणि मी ती टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.

मेग्सवरून मात्र अजून डावीकडे वळता येत नाही. पुढच्या शनिवारी बघू.