गुडघ्याला विश्रांती की हालचाल?

कबड्डी खेळताना एखाद्या विद्यार्थ्याचा गुडघा पिरगळतो, आत काहीतरी तुटल्याचा आवाज येतो आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. तो शाळेत परत आला की आपण मायेने सांगतो, "आता पाय मुळीच हलवू नकोस." हा सल्ला बरोबर आहे का? बराच काळ डॉक्टरांनाही तो बरोबर वाटत होता. तो का बदलला, हे पाहण्यासारखे आहे.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना बांधून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदतात. त्यांतला पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही. धावता धावता एकदम वळताना बहुधा हाच तुटतो.

इंग्लंडमधील लीड्स येथे १८९५ साली मेयो रॉबसन या शल्यचिकित्सकांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील हे दोन्ही अस्थिबंध टाके घालून जोडले. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी वापरून नवा अस्थिबंध तयार केला. नंतर गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा तुकडा त्यासाठी वापरात आला. शस्त्रक्रिया अशी सुधारत गेली. पण त्यानंतर पाय कित्येक आठवडे प्लॅस्टरमध्येच राहत असे. तुटलेले हाड जुळते ते स्थिर ठेवल्याने, मग अस्थिबंधाचेही तसेच असणार, हा त्यामागचा तर्क होता.

प्लॅस्टर काढल्यावर पाय कसा दिसतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मांडी वाळलेली, सांधा आखडलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील लष्करी रुग्णालये गुडघ्याच्या दुखापती झालेल्या सैनिकांनी भरली होती. हलके व्यायाम पुष्कळ वेळा करून घेण्याची तेव्हा पद्धत होती आणि सुधारणा फार सावकाश होई. शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयातील डॉ. थॉमस डीलॉर्म स्वतः वजने उचलणारे होते. त्यांनी सैनिकांना जड वजने मोजक्या वेळा उचलायला लावली आणि ताकद येईल तसे वजन वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या व्यायामोपचाराचा हा एक पाया आहे.

स्नायूंचा प्रश्न असा सुटू लागला. सांध्याचा राहिला होता. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर प्रयोग केले. यंत्राने गुडघा सतत हळूहळू हलवत ठेवला, तर इजा झालेली कूर्चा स्थिर ठेवलेल्या गुडघ्यापेक्षा चांगली भरून येते, असे त्यांना आढळले. त्याच दशकात फ्रँक नॉईस यांनी माकडांवर प्रयोग केले. आठ आठवडे पाय स्थिर ठेवल्यावर धडधाकट अस्थिबंधाचीही ताकद सुमारे ४० टक्के घटली. ती भरून यायला महिनोन्‌महिने लागले.

शेवटचा धडा दिला तो आज्ञा न पाळणाऱ्या रुग्णांनी. इंडियानापोलिसचे डॉ. डोनाल्ड शेलबोर्न रुग्णांना सावकाश पुढे जायला सांगत. काही जण न ऐकता आधीच चालत, पाय पूर्ण सरळ करत. तपासणीत त्यांचे गुडघे ढिले झालेले तर दिसले नाहीतच, उलट ते इतरांपेक्षा चांगले होते! शेलबोर्न यांनी ही बाब हसण्यावारी नेली नाही. सहकारी पॉल निट्झ यांच्यासह त्यांनी १९९० मध्ये नवी पद्धत मांडली: पहिल्या दिवसांपासून गुडघा पूर्ण सरळ करणे, झेपेल तेवढा भार देणे आणि चार ते सहा महिन्यांत खेळ.

पण यातील शेवटचा भाग पुढे दुरुस्त करावा लागला. बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. तिच्यातील पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या व पेशी आत शिरतात आणि मग हळूहळू तिचा अस्थिबंध होतो. सूज व वेदना गेल्यावर रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते, तेव्हा ही आतली घडण चालूच असते. १०६ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा संभव घटला. दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. मांडीचा स्नायू दुसऱ्या पायाइतका बळकट होणेही तितकेच महत्त्वाचे ठरले.

म्हणजे हालचालीची घाई हवी, खेळाची नको. आपल्या विद्यार्थ्याने डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मधल्या सुट्टीत केला, तर त्याला अडवू नये. आणि सहाव्या महिन्यात तो "सर, मला काही दुखत नाही" म्हणाला, तरी केवळ तेवढ्यावरून आंतरशालेय सामन्यासाठी त्याचे नाव संघात घालू नये. दुखणे थांबले म्हणजे अस्थिबंध पक्का झाला, असे नव्हे.