उसाच्या शेतातील बिबट्या

बिबट्या केवळ दाट अरण्यातच राहतो, हा समज अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरातील अभ्यासाने खोटा ठरविला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांत अंगावरील ठिपक्यांवरून बिबटे ओळखले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक लोकवस्ती असलेल्या या शेतीप्रदेशात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. विष्ठेच्या परीक्षणातून कुत्रा हे त्यांचे प्रमुख भक्ष्य असल्याचे स्पष्ट झाले.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढल्याचे याच संशोधकांनी २०११ मध्ये मांडले होते. त्यामुळे बंदिस्त गोठे व कचऱ्याची विल्हेवाट हे उपाय अधिक महत्त्वाचे मानले जातात.